परक्यांना मराठी बोलायला कुणी शिकवलं?

टेंभुर्णी हे माढा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. इथून एक रस्ता पंढरपूरला जातो, एक अकलूजला, एक कुर्डुवाडीकडे आणि एक करमाळ्यावरून अहिल्यानगरला. उजनी धरण जवळ, औद्योगिक वसाहत लागूनच. त्यामुळे एखाद्या दुपारी इथल्या चौकात उभं राहिलं तर मराठीबरोबर कानडी, तेलुगू, तमिळ आणि हिंदीच्या दोन-तीन बोली सहज कानांवर पडतात. उत्तरेकडून कामाला आलेला एखादा तरुण सहा-आठ महिन्यांत ‘सुट्टे द्या’, ‘मालक आत्ताच गेले’, ‘उद्या या की’ असं बिनदिक्कत बोलायला लागतो. त्यानं मराठीचं एकही पुस्तक उघडलेलं नसतं. चुकतो, लोक हसतात, तोही हसतो आणि पुढचं वाक्य बोलतो.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्या मराठी शाळेत दहा-दहा वर्षं इंग्रजी शिकलेली मुलं कॉलेजला गेल्यावर पैसे भरून ‘स्पोकन इंग्लिश’च्या क्लासला बसतात. पेपरात पास झालेली असतात, पत्र लिहू शकतात, पण समोरच्यानं साधा प्रश्न विचारला की घशाला कोरड पडते. नोकरीच्या मुलाखतीत हुशार पोरगं गप्प बसतं आणि तिथंच मागं पडतं. हे आपण इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याचं आपल्याला काही वाटेनासं झालं आहे.

परकी भाषा बोलायला कशी शिकवायची, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. गेली साडेचारशे वर्षं परदेशी माणसं मराठी मुलखात येत आहेत आणि त्यांतली कितीतरी उत्तम मराठी बोलायला शिकली. त्यांना आपल्याच लोकांनी शिकवलं. ते कसं शिकवलं, याची गोष्ट आज सांगायची आहे. कारण परक्याला मराठी बोलायला शिकवण्याची आपली रीत एक होती आणि आपल्या मुलांना इंग्रजी शिकवण्याची रीत अगदी वेगळी झाली.

सुरुवात गोव्यापासून करू. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरला. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी जन्मालाही आली नव्हती. त्याची पुढची जवळजवळ चाळीस वर्षं मुख्यतः साष्टी भागातल्या खेड्यापाड्यांत गेली. 1583 साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं इथल्या भाषांचं कौतुक केलं आहे आणि त्यांची घडण लॅटिन-ग्रीकशी मिळतीजुळती असल्याचं नोंदवलं आहे. 1616 साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ राचोल इथं छापून निघालं. ते ओवीबद्ध मराठीत आहे, त्यात कोकणीचीही सरमिसळ आहे. त्यातली मराठी भाषेची स्तुती आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते.

याच स्टीफन्सनं कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 साली छापलं गेलं आणि कोकणीचं पहिलं छापील व्याकरण ठरलं. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी लोकांत राहणं, त्यांच्याशी बोलणं, ओवीची चाल कानांत मुरवणं, मग पुराण, आणि पुढच्या धर्मगुरूंच्या सोयीसाठी व्याकरण. स्टीफन्सला शिकायला तयार व्याकरण नव्हतंच. त्याचं पाठ्यपुस्तक म्हणजे साष्टीतली माणसं. आपला सण, आपलं शेत, आपलं दुखणंखुपणं त्याला सांगता सांगता या माणसांनी त्याला बोलतं केलं. पुस्तकावर अर्थातच त्यांची नावं नाहीत.

त्याच गोव्यात पुढे उलटा प्रयोगही झाला. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला, की इथल्या लोकांनी आपली बोली सोडावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावं. तीन वर्षं गेली, तीनशे वर्षं गेली; कोकणी आजही घराघरांत बोलली जाते. धाक दाखवून माणसाला गप्प करता येतं. बोलतं करायला मात्र त्याला बोलावंसं वाटावं लागतं.

मराठी शिकवण्याची पहिली मोठी सरकारी सोय झाली ती महाराष्ट्रापासून खूप दूर, कलकत्त्याला. 1800 साली लॉर्ड वेलस्लीनं फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. विलायतेहून आलेली कंपनीची कोवळी पोरं जिल्ह्यांचा कारभार पाहणार, तर त्यांना देशी भाषा यायला हव्यात, हा हेतू. तिथं बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठी शिकवायला होते विल्यम केरी. हे मूळचे चांभारकाम करणारे, पुढे मिशनरी झालेले गृहस्थ. कलकत्त्याजवळ श्रीरामपूर नावाची तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातली वसाहत होती. केरींचा मुक्काम आणि छापखाना तिथं. पेशव्यांच्या मुलखात ते कधी राहिले नाहीत, तरी 1805 साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं.

हे व्याकरण त्यांना जमलं, कारण त्यांच्या हाताशी कॉलेजचे मराठी पंडित होते. त्यांचे प्रमुख वैजनाथ शर्मा. याच वैजनाथांची मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ पुढे 1814 साली छापली गेली. 1805 हे सालही लक्षात ठेवण्याजोगं आहे. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं आणि कंपनीला मराठी बोलणारे अधिकारी तातडीनं हवे होते.

या व्याकरणाचं खरं वैशिष्ट्य त्याच्या शेवटी आहे. तिथं रोजच्या विषयांवरचे संवाद जोडलेले आहेत. दोन माणसं व्यवहारात एकमेकांशी जसं बोलतील तसं बोलणं, मराठीत आणि शेजारी इंग्रजीत. बंगालीसाठी केरींनी 1801 सालीच अशा संवादांचं स्वतंत्र पुस्तक काढलं होतं. त्यात मजुरांचं बोलणं आहे, मासे धरणाऱ्या कोळ्यांचं आहे, बायकांचं भांडणसुद्धा आहे. साहेबाला भांडणाची भाषा कशाला हवी, असं कुणी विचारेल. पण जिल्ह्यावर गेल्यावर त्याच्यापुढे येणार ती भांडणंच! ग्रंथांतली भाषा त्याला तिथं किती उपयोगी पडणार?

मराठी बोलायला शिकताना परका माणूस नेमका कुठं अडतो, हे आपल्याला सहसा जाणवत नाही. आपण ती आईच्या मांडीवर शिकलो. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एकच, बोलायला दोन. ‘जग’ आणि ‘जीव’ यांतल्या ज चं तसंच. हा फरक कानानंच घ्यावा लागतो. मग ळ आहे. मग ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी भाकरी खाल्ली’. खाणारा एकच, पण क्रियापद आंब्याप्रमाणे आणि भाकरीप्रमाणे बदलतं. इंग्रजाला वाटतं, खाल्लं मी, मग आंब्याचा काय संबंध? ‘मला भूक लागली’, ‘मला राग आला’ यांत भूक आणि राग बाहेरून माणसापाशी येतात. ‘आम्ही जाऊ’ म्हटलं तर समोरचा वगळला जातो, ‘आपण जाऊ’ म्हटलं तर तो सामील होतो.

त्याहून बारीक गोष्टी व्याकरणाच्या पलीकडच्या आहेत. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलेलं घरातल्या मोठ्यांना आवडत नाही. दुकानाचा दिवा ‘मालवतात’, दुकान ‘वाढवतात’. कुणाला तू म्हणायचं, कुणाला तुम्ही म्हणायचं, हे नात्यावर, वयावर आणि गावावर ठरतं. आई आणि देव यांना आपण अरे-तुरे करतो आणि सासऱ्यांना अहो-जाहो. हे सगळं शिकवायचं तर शिकवणाऱ्यानं समोर बसून बोलावं लागतं, ऐकावं लागतं आणि चुकल्यावर हलकेच दुरुस्त करावं लागतं. दुसरा उपाय नाही.

1818 साली पेशवाई संपली आणि मराठी मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. आता कलेक्टर, लष्करी अधिकारी, मिशनरी अशा सगळ्यांनाच मराठीची गरज पडली. अधिकाऱ्यांना देशी भाषेच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि दुभाष्याची जागा मिळवायची तर परीक्षा पास होणं आवश्यक असे. त्यासाठी साहेब घरी मुन्शी ठेवत. मुन्शी म्हणजे पगारी भाषाशिक्षक. तो समोर बसून बोलून घेई, मोडीतली पत्रं वाचून घेई, रीतभात सांगे. मुंबई इलाख्याच्या छावण्या-छावण्यांत असे मुन्शी आणि पंडित असत. आपल्या भाषाशिक्षणाच्या इतिहासात त्यांच्यावर एखादं प्रकरण असायला हवं. ते अजून लिहिलं जायचं आहे.

मिशनरींनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. पुढे मुंबईत ज्यांच्या नावानं विल्सन कॉलेज झालं ते जॉन विल्सन 1829 साली मुंबईत उतरले. मुंबईत राहून इंग्रजीतच व्यवहार होणार, हे ओळखून ते कोकणात हर्णै-बाणकोटच्या बाजूला मराठी शिकायला जाऊन राहिले. काही महिन्यांत ते मराठीतून प्रवचन करू लागले. जिथं आपली भाषा कुणाला येत नाही अशा ठिकाणी जाऊन राहायचं, ही युक्ती आजही जगभर सर्वांत भरवशाची मानली जाते.

मोल्सवर्थच्या कोशाचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी. त्यानं जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंबरोबर मराठी-इंग्रजी कोश तयार केला, तो 1831 साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 40 हजार शब्द होते. 1857 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ते 60 हजारांवर गेले. या कामालाही ब्राह्मण पंडितांची मंडळी बसवली होती. आजही हा कोश उघडला तर त्यात शेतातले, स्वयंपाकघरातले, बाजारातले शब्द आणि म्हणी पानोपानी भेटतात. बोलणाऱ्या माणसांचं ऐकून घेतल्याशिवाय असा कोश होत नाही.

पुढे 1868 साली गणपतराव नवलकरांनी इंग्रजीतून मराठीचं व्याकरण लिहिलं. मराठी माणसानं परक्या विद्यार्थ्याच्या अडचणी ओळखून लिहिलेलं हे महत्त्वाचं पुस्तक. 1943 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं एच. एम. लँबर्ट यांचा मराठीचा अभ्यासक्रम पुस्तकरूपानं काढला. ही परंपरा अशी अखंड चालत आली.

आता याच काळात आपल्या मुलांना इंग्रजी कसं शिकवलं जात होतं ते पाहू. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि 1859 साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. परीक्षा कागदावरची. त्यामुळे शाळेतली शिकवणीही कागदाच्या दिशेनं वळली. इंग्रजी वाक्य वाचायचं, त्याचा मराठी अर्थ सांगायचा, मराठी वाक्याचं इंग्रजी करायचं, नियम पाठ करायचे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या घराघरांत होती. तिचे उपकार मोठे आहेत. खेड्यातला मुलगा शिक्षकाशिवाय तिच्यावरून इंग्रजीची वाक्यरचना शिकू शकत होता. पण तिचं काम भाषांतर शिकवण्याचं होतं. भाषांतर करणारा डोक्यात आधी मराठी वाक्य जुळवतो, मग एकेक शब्द बदलतो. लिहिताना हे चालतं, कारण कागद थांबून राहतो. बोलताना समोरचा माणूस थांबत नाही.

रानडे-भांडारकरांची पिढी मग इंग्रजी बोलायला कुठं शिकली? कॉलेजात इंग्रज प्राध्यापकांसमोर, आणि वर्गाबाहेर सभांमध्ये. 1848 साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची साहित्य आणि शास्त्र सभा निघाली. तिथं निबंध वाचत, वाद घालत, एकमेकांचं खोडून काढत. म्हणजे बोलण्याची संधी होती, पण ती मूठभरांना. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या शाळेत पोहोचली ती नुसती पाठमाला. आपल्या आजच्या दुखण्याचं मूळ तिथं आहे.

याला काही लखलखीत अपवाद आहेत. आनंदीबाई जोशी इंग्रजी शिकल्या त्या घरी, नवऱ्याकडून. गोपाळरावांची शिकवण्याची तऱ्हा कडक होती, काही वेळा क्रूरच होती, आणि तिचं समर्थन कुणी करू नये. पण इंग्रजी हा त्या घरात परीक्षेचा विषय नव्हता. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी पत्रव्यवहार चालू होता, पुढे तिथं जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. 24 फेब्रुवारी 1883 रोजी, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, त्यांनी भर सभेत इंग्रजीतून भाषण केलं आणि आपण अमेरिकेला का जात आहोत हे लोकांना सांगितलं. ती सभा झाली श्रीरामपूरच्या कॉलेजात. जिथं विल्यम केरींनी साहेबांसाठी मराठी संवाद छापले, त्याच गावात ऐंशी वर्षांनी एक मराठी मुलगी इंग्रजीत बोलायला उभी राहिली. 1886 साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या.

दुसरा अपवाद आपल्या सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा भारतानं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. 1 सप्टेंबर 1938 रोजी पथक मुंबईहून बोटीनं निघालं. तेव्हा कोटणीसांना चिनी येत नव्हती. चिनी ही स्वरांची भाषा. आवाज वर नेला की शब्दाचा अर्थ एक, खाली आणला की दुसरा. पण जखमी सैनिकाला कुठं दुखतंय हे विचारायचं तर दुभाष्याची वाट पाहून कसं चालेल? डॉक्टर ती भाषा शिकले, बोलू लागले, तिच्यातून शस्त्रक्रिया शिकवू लागले. 1941 साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहीत असतानाच डिसेंबर 1942 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. ते वाढले ते सोलापूर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दूचं शहर. चुकतमाकत दुसऱ्याची भाषा बोलण्यात कमीपणा नाही, हे सोलापूरच्या पेठांत वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानं भाषा शिकवण्याची पद्धतच बदलली. अमेरिकेला आपले सैनिक जगभर पाठवायचे होते आणि त्यांना तिथल्या भाषा थोड्या महिन्यांत बोलता यायला हव्या होत्या. 1943 च्या सुमारास तिथल्या विद्यापीठांत लहान वर्ग सुरू झाले. एक भाषाशास्त्रज्ञ आणि एक ती भाषा जन्मापासून बोलणारा माणूस. आधी ऐकायचं, मग तसंच म्हणायचं, मग थोडं बदलून म्हणायचं. नियम नंतर. जगानं याला नवी पद्धत म्हटलं. आपला मुन्शी दुसरं काय करत होता?

ही पद्धत लवकरच मराठीपर्यंत आली. 1950 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या उन्हाळी शाळा भरू लागल्या. 1957 साली रशियानं स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेनं पुढच्याच वर्षी कायदा करून परकीय भाषांच्या शिक्षणाला पैसा दिला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं 1965 साली नरेश कवडी आणि फ्रँकलिन साउथवर्थ यांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याचं नावच ‘स्पोकन मराठी’! आपण स्पोकन इंग्लिशच्या पाट्या लावायच्या कितीतरी आधी अमेरिकेत ‘स्पोकन मराठी’ छापून झालं होतं.

यातली सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट आपल्या शेजारची आहे. टेंभुर्णीहून अकलूज, नातेपुते करत गेलं की फलटण लागतं. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकी विदुषी 1966 पासून फलटणला राहिल्या. फलटणमधल्या वेगवेगळ्या समाजांतले लोक मराठी कशी वेगवेगळी बोलतात, यावर त्यांनी संशोधन केलं आणि 1973 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रसिद्ध लेखिका जाई निंबकर फलटणच्याच. दोघींनी मिळून परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकं तयार केली; त्यांचं संदर्भ-व्याकरण 1975 साली निघालं. पुण्याला मराठी शिकायला येणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना बर्नसनबाईंनी शिकवलं. ही मुलं मराठी कुटुंबांत राहत. सकाळी वर्ग, उरलेला दिवस घरातली आजी, शेजारची मुलं, भाजीवाली, रिक्षावाला.

बर्नसनबाईंचं पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. परक्यांना मराठी शिकवता शिकवता त्या आपल्याच मुलांकडे वळल्या. फलटणमधली गरीब वस्तीतली, दलित मुलं शाळेत टिकत नाहीत, लिहायला-वाचायला शिकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. 1984 साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली, पुढे कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा सुरू झाली. मूल घरी जशी मराठी बोलतं तिला अशुद्ध म्हणून हिणवलं की ते गप्प होतं, आणि गप्प झालेलं मूल शिकत नाही. भाषेचा अभ्यास करणारी व्यक्ती शाळेत आली की काय फरक पडतो, हे फलटणनं दाखवलं.

सरकारी पातळीवर आपण मात्र बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलो. इंग्रजी कितवीपासून? स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतलं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं गेलं. पुढे ते पुन्हा पाचवीवर आलं. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून सुरू झालं. हा निर्णय धाडसाचा होता आणि खेड्यातल्या मुलांच्या बाजूचा होता. पण कितवीपासून याच्याइतकाच कसं हा प्रश्न मोठा आहे. पहिलीपासून नुसती अक्षरं गिरवली तर मूल आणखी चार वर्षं गप्प बसायला शिकतं. दहावीला भाषांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण असतात. 2019 च्या परीक्षेत ते नव्हते, त्या वर्षी निकाल 77.10 टक्क्यांवर घसरला आणि पुढच्या वर्षी ते परत आले. हे वीस गुण टक्केवारीला हात देतात. पण वर्षभर मूल वर्गात किती मिनिटं बोललं, हे त्यांतून कळत नाही.

जवळच्या दक्षिणेत वेगळा प्रयोग झाला होता. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूरला केंद्र ठेवून दक्षिणेतल्या काही साध्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवून पाहिलं. व्याकरणाचा पाठ नाही. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं आणि विचारायचं, अमुक वाजता पोहोचायचं तर कोणती गाडी धरावी? नकाशा द्यायचा आणि वाट सांगायला लावायची. कोडं सोडवण्याच्या नादात मुलं इंग्रजी वापरत. जगभरच्या भाषाशिक्षकांनी या प्रयोगाची दखल घेतली.

आणि खुद्द माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे त्यांचं नाव झालं. पण दुसऱ्या देशांतल्या वर्गांशी मुलांना पडद्यावरून प्रत्यक्ष बोलायला लावण्याचा त्यांचा उपक्रमही तेवढाच मोलाचा होता. पलीकडे खरं मूल बसलेलं असलं की आपल्याला त्याला काहीतरी विचारावंसं वाटतं. विल्सन त्यासाठी हर्णैला जाऊन राहिले होते. आज तालुक्याच्या शाळेतून ते पडद्यावर होऊ शकतं.

या सगळ्यातून तालुक्याच्या शाळेतल्या शिक्षकाला घेण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार खर्च नाही. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला उभं करून बोलायला लावलं तर तास संपतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. तेच जोड्या लावल्या तर दहा मिनिटांत सगळी चाळीस मुलं बोलतात. गलका होईल, होऊ द्यावा. केरींच्या पंडितांसारखे संवाद शिक्षकांनी स्वतः लिहावेत, पण आपल्या गावचे. उजनीच्या पाण्याचं, उसाच्या मोळीचं, पंढरपूरच्या एस.टी.चं, कुर्डुवाडीच्या गाडीचं बोलणं इंग्रजीत करून पाहावं. मूल बोलत असताना मध्येच चूक काढू नये. त्याचं सांगून झालं की तेच वाक्य आपण नीट म्हणून दाखवावं. आणि मुलाचं मराठी, ते कोणत्याही वस्तीतलं असो, हसण्यावारी नेऊ नये. मातृभाषेत तोंड मिटलेलं मूल परक्या भाषेत ते उघडत नाही.

शिवाय आता आपल्या शाळांत मुन्शीचं काम मुलांकडेही आलं आहे. कामासाठी आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुलं मराठी शाळांत येतात. पहिल्या दिवशी त्यांना मराठीचं अक्षर येत नसतं. मधल्या सुट्टीत खेळताना ‘माझा डाव आहे’, ‘तू आउट झालास’ इथपासून ती सुरुवात करतात आणि वर्ष सरेपर्यंत इथल्या मुलांच्या बरोबरीनं भांडायला लागतात. त्यांना शिकवणारी मुलं आपलीच असतात, आठ-दहा वर्षांची. कुणी त्यांना अध्यापनाची पदविका दिलेली नाही. हीच मुलं पुढच्या तासाला इंग्रजीच्या पुस्तकासमोर मुकाट बसतात. इंग्रजीच्या बाईंनी किंवा सरांनी मधल्या सुट्टीत मैदानावर जाऊन पाच मिनिटं नुसतं ऐकावं. ती मुलं एकमेकांना बोलायला कसं शिकवतात ते पाहावं आणि त्यातलं जमेल तेवढं पुढच्या तासाला वर्गात करून पाहावं.